गाणाऱ्यांचा एक गट

गुरुवारच्या या वेळेला आम्ही एरवी बोलतो ते कर्जफेडीवर, शेळ्यांच्या लसीवर, नाहीतर ठराव वही कशी लिहावी यावर. आज आम्ही एका गटाबद्दलच बोलणार आहोत, पण तो बचत गट नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात लीड्स नावाचं शहर आहे, तिथला हा गाणाऱ्यांचा गट. त्याचं नाव मेकॉन्स.

हे नाव आमच्या कानावर कसं आलं ते आधी सांगतो. मागच्या महिन्यात केंद्रावर रेकॉर्डिंगला आलो होतो. वीज गेली. बसून राहिलो. यंत्रं सांभाळणारा इथला मुलगा लॅपटॉपवर काहीतरी ऐकत होता. गिटारींचा गोंगाट, आणि त्यावर एक माणूस गातोय की भांडतोय ते कळेना. आमच्यातली एक म्हणाली, "हे कोण रे केकाटतंय?" तेवढ्यात मागून व्हायोलिन आलं. लांबवलेलं, जरा रडकं, पण नाचायलाही लावेल असं. तीच म्हणाली, "थांब, बंद करू नको."

तो मुलगा म्हणाला, "हा ग्रुप पंचेचाळीस वर्षांहून जुना आहे, आणि अजून चालू आहे." आम्ही ऐकलं ते "गट". पंचेचाळीस वर्षं! आमच्या प्रभागातला सगळ्यात जुना गट चौदा वर्षांचा आहे, त्याचासुद्धा आम्ही सत्कार केला, नारळ दिला. तेव्हा हा गट टिकला कसा, हे आम्हाला जाणून घ्यावंसं वाटलं. मग त्याच्याकडून, वाचून आणि ऐकून जे जमा केलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

गोष्ट १९७६-७७ सालची. इंग्लंडमध्ये तेव्हा तरुण पोरांना कामं मिळत नव्हती. मोठमोठे गाणारे श्रीमंत झाले होते, अर्ध्या अर्ध्या तासाची गाणी वाजवत होते, आणि वाद्य येत नसेल त्यानं मंचावर पाय ठेवायचा नाही अशी रीत झाली होती. त्याविरुद्ध पोरांनी जे सुरू केलं त्याला पंक म्हणतात. दोन-तीन सूर येत असले तरी पुरे, तुझं म्हणणं काय ते सांग, असा त्याचा बाणा. सेक्स पिस्टल्स नावाच्या गटानं देशभर कार्यक्रम ठरवले होते, ते बहुतेक गावांनी घाबरून रद्द केले. जे थोडे झाले त्यातला एक डिसेंबर १९७६ मध्ये लीड्सला झाला. पुढच्या वर्षी लीड्स विद्यापीठात चित्रकला शिकणाऱ्या काही पोरांनी मेकॉन्स उभा केला. नावाचीही गंमत आहे. 'ईगल' नावाच्या मुलांच्या चित्रकथांच्या साप्ताहिकात शुक्र ग्रहावरचा एक हिरवा, मोठ्या डोक्याचा खलनायक होता, मेकॉन. शूर नायकाचं नाव सोडून यांनी खलनायकाचं घेतलं.

यांच्याकडे वाद्यं नव्हती. त्याच विद्यापीठात गँग ऑफ फोर नावाचा दुसरा गट होता. त्यांची वाद्यं हे लोक मागून घेऊन वाजवत. आपल्याकडे लग्नात शेजारणीची पातेली आणतो तसं. आणि नियम काय? कुणीही यावं, वाजवावं. कुणी एक पुढारी नाही. फोटोत कुणी एकट्यानं मिरवायचं नाही. येत नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही. आज ज्या जॉन लँगफर्डला लोक त्या गटाचा मुख्य माणूस समजतात, तो सुरुवातीला मागं बसून ड्रम वाजवायचा, मग गिटारवर आला. रॉस ॲलन नावाची मुलगी सुरुवातीच्या दिवसांत यांच्यात बेस गिटार वाजवायची, पुढं तिनं डेल्टा फाइव्ह हा दुसरा गट उभा केला.

मुलीनं वाद्य घेऊन मंचावर उभं राहणं म्हणजे तेव्हाच्या लीड्समध्ये काय होतं, तेही सांगायला हवं. त्या भागात त्या वर्षांत एक माणूस बायकांचे खून करत फिरत होता. १९८१ मध्ये त्याला १३ खुनांबद्दल शिक्षा झाली, पण तोवर कित्येक वर्षं गेली. पोलिसांचा सल्ला काय, तर बायकांनी रात्री घराबाहेर पडू नये. बायका म्हणाल्या, गुन्हा पुरुषाचा आणि घरात आम्ही बसायचं? नोव्हेंबर १९७७ मध्ये लीड्सच्या बायका रात्री मोर्चा घेऊन रस्त्यावर आल्या. रात्र आमचीही आहे, हे त्यांचं म्हणणं. असं ते शहर.

१९७८ मध्ये यांची पहिली रेकॉर्ड निघाली, एडिंबरोच्या फास्ट प्रॉडक्ट या छोट्या कंपनीची. तेव्हा क्लॅश नावाचा नावाजलेला गट दंगलीबद्दल आवेशानं गात होता. यांचं गाणं त्याला उत्तर होतं, आणि सांगणं एवढंच की आम्ही बाबा कधी दंगलीत नव्हतो. खोटी मर्दुमकी नाही. आम्ही ते ऐकलं. खरं सांगतो, सूर जुळत नाहीत, ताल एकीकडे आणि गाणारा दुसरीकडे. आमच्या गणपतीतल्या पोरांचा बँड बरा. पण ऐकताना कळतं की ही माणसं लाजत नाहीत.

इथं आम्हाला आमच्याच एका गटाची आठवण झाली. त्या गटाची वही पहिल्यापासून एकच जण लिहायची. अक्षर मोत्यासारखं, हिशेब चोख. तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती पुण्याला गेली. सात महिने वही कोरी. बचत गोळा होत होती, अंतर्गत कर्जंही दिली जात होती, पण कोण किती देणं लागते ते सगळं तोंडावर. प्रत्येक बैठकीत आम्ही विचारायचो, वही कोण घेतंय? दहाजणी मान खाली घालून बसायच्या. "आम्हाला येत नाही." मग दोघींत चारशे रुपयांवरून वाद झाला, एकीनं बैठकीला यायचं सोडलं, तिच्यामागं तिची जाऊ. गट मोडायलाच आला होता. आणि यात आमचीही चूक होती. त्या पहिल्या बाईची वही आम्ही प्रत्येक प्रशिक्षणात नमुना म्हणून फिरवायचो. ती बघून बाकीच्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की वही लिहिणं हे आपलं काम नव्हे.

शेवटी चौथीत शाळा सुटलेल्या एकीनं वही ओढून घेतली. तिची पहिली तीन पानं अजून आहेत. अक्षरं ओळीवर चढलेली, आकडे खोडलेले, 'परतफेड' शब्द चार तऱ्हेनं लिहिलेला. कर्जाच्या कामाला गेलो तेव्हा टेबलापलीकडच्या साहेबांनी ती वही दोन बोटांनी उलटली आणि म्हणाले, "ही काय वही आहे?" ती म्हणाली, "बेरीज करून बघा." बेरीज बरोबर होती.

मेकॉन्सच्या पहिल्या रेकॉर्डबद्दलही बऱ्याच जणांनी हेच विचारलं असणार. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, व्हर्जिन या मोठ्या कंपनीनं त्यांची मोठी रेकॉर्ड काढली. कव्हरवर टंकलेखन यंत्रापुढं बसलेलं माकड. माकडाला पुरेसा वेळ दिला तर तेसुद्धा शेक्सपिअर लिहील, असं तिकडं म्हणतात ना, त्यावरची स्वतःचीच थट्टा. आणि कंपनीनं मागच्या बाजूला चुकून फोटो छापला तो गँग ऑफ फोरचा! ज्यांची वाद्यं मागून आणली त्यांचाच. चेहरे मिरवायचे नाहीत हा नियम कंपनीनं असा पाळला. पुढं कंपनीशी जमलं नाही. दोन-तीन वर्षं इकडं तिकडं गेली आणि १९८२ च्या सुमारास हा गट जवळजवळ बंदच पडला होता.

तो परत उभा राहिला त्याचं कारण गाणं नव्हतं, संप होता.

मार्च १९८४. लीड्स ज्या यॉर्कशायर भागात आहे तो कोळशाच्या खाणींचा मुलूख. सरकारी कोळसा मंडळानं जाहीर केलं की वीस खाणी बंद करणार, त्यात वीस हजार लोकांची कामं जाणार. यॉर्कशायरमधल्या कॉर्टनवुड खाणीचं नाव पुढं आलं आणि कामगार बाहेर पडले. पंतप्रधान मार्गारेट थॅचर, कामगारांचे पुढारी आर्थर स्कारगिल. दोघंही मागं हटणारे नव्हते. संप वर्षभर चालला.

मैत्रिणींनो, खाणीचं गाव म्हणजे काय असतं? एक खाण, आणि गावातली सगळी घरं तिच्यावर. खाण बंद म्हणजे वाण्याचं दुकान बंद, शाळा रिकामी. संपावर गेलेल्यांच्या बायकापोरांना सरकारी मदत मिळायची, पण त्यातूनही आठवड्याला सुमारे १५ पौंड कापले जात. कारण काय, तर संघटना तेवढे देत असेल असं धरलं होतं. संघटना ते देतच नव्हती. थंडीत तिकडं बर्फ पडतो. कोळसा काढणाऱ्यांच्या घरात शेकोटीला कोळसा नाही. खाणीबाहेरच्या मातीच्या ढिगाऱ्यातून पोरं कोळसा वेचायला गेली, ढिगारे ढासळले, पोरं दगावली.

अशा वेळी बायका पुढं आल्या. गावोगावी कामगारांच्या सभागृहात सामाईक चुली पेटल्या. बटाटे सोलायचे, शेकडो ताटं वाढायची, म्हाताऱ्यांच्या घरी डबे पोचवायचे, दर आठवड्याला शिध्याच्या पिशव्या भरायच्या. ज्या बायका कधी चार माणसांत बोलल्या नव्हत्या त्या दुसऱ्या शहरांत जाऊन मंचावरून मदत मागायला लागल्या. मे १९८४ मध्ये बार्न्सली गावात त्यांचा मोठा मेळावा झाला, हजारो बायका आल्या. नवरे सुरुवातीला म्हणाले असतील की स्वयंपाकापुरतं ठीक आहे. पण त्या बायका पहाटे खाणीच्या फाटकावर पहाऱ्यालाही उभ्या राहिल्या, पकडल्याही गेल्या. नाताळात मुलांना खेळणी कुठून आणायची हा प्रश्न आला तेव्हा फ्रान्समधल्या कामगार संघटनांनी गाड्या भरून खेळणी पाठवली.

या चुलींना पैसा लागत होता. त्यासाठी देशभर मदतीचे कार्यक्रम झाले, आणि विस्कटलेले मेकॉन्स अशा कार्यक्रमांत वाजवायला परत एकत्र आले. येताना नवी माणसं आली. सुझी हनीमन ही व्हायोलिनवाली आली. सॅली टिम्स ही गायिका आली, तिचा आवाज थंड पाण्यासारखा, गोंगाटात वेगळा ऐकू येतो. ॲकॉर्डियन आलं. ॲकॉर्डियन म्हणजे गळ्यात अडकवून भात्यानं वाजवायची पेटी समजा. प्रिटी थिंग्ज या जुन्या गटाचा, त्यांच्याहून कितीतरी मोठा डिक टेलर गिटार घेऊन आला. दार उघडं ठेवण्याचा जुना नियम इथं कामाला आला.

आता कंट्री संगीताकडे येऊ. कारण या गटाचं नाव जगात आहे ते या जोडणीमुळं.

शिकागोच्या एका रेडिओवर काम करणाऱ्या माणसानं, टेरी नेल्सननं, लँगफर्डला कॅसेट पाठवायला सुरुवात केली. जुनी अमेरिकन कंट्री गाणी. रेडिओवाल्यानं पाठवलेल्या कॅसेटवरून एका गटाचं नशीब पालटलं, हे आम्ही या केंद्रावर बसून जरा अभिमानानंच सांगतोय. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गरीब गोऱ्या शेतकऱ्यांचं, मजुरांचं गाणं असं मानतात. पण त्याचं मूळ बघितलं तर स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडमधून जे लोक पोटासाठी अमेरिकेच्या डोंगरात गेले, त्यांनी आपली कथागीतं आणि व्हायोलिन बरोबर नेलं. त्याला बँजो येऊन मिळाला, तो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचा. हँक विल्यम्स हा या गाण्यांचा सगळ्यात मोठा माणूस, त्याला पोरवयात गिटार शिकवली ती रूफस पेन या काळ्या रस्त्यावरच्या वादकानं. हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ ला गाडीच्या मागच्या सीटवर मेला, वय फक्त २९. दारूचाही त्यात हात होता.

आणि गाणी कशाबद्दल? घर सुटलं, काम सुटलं, माणूस सोडून गेला, रात्र संपत नाही. दोन-तीन सूर. म्हणजे पंकवाले जे करत होते तेच! संपात हरत चाललेल्या माणसांमध्ये वाजवताना मेकॉन्सच्या लक्षात आलं असावं की नुसतं ओरडून आता भागणार नाही. हरलेल्या माणसाचं गाणं कसं गायचं ते या जुन्या लोकांना ठाऊक होतं. जात्यावर बसलेली बाई ओवीत सासुरवास सांगते ती काही कुणाला जिंकायला नाही, दळण सरावं म्हणून सांगते. आम्हाला ते व्हायोलिन ऐकताना जे ओळखीचं वाटलं ते हेच असावं.

१९८५ मध्ये संप मोडला. मार्चच्या सुरुवातीला कामगार बँड वाजवत, झेंडे घेऊन, हरून कामावर परत गेले. त्याच वर्षी मेकॉन्सनी स्वतःची छोटी कंपनी काढून 'फिअर अँड व्हिस्की' ही रेकॉर्ड आणली. भीती आणि व्हिस्की. त्यातल्या एका गाण्याचं नावच आहे 'ॲबरनँट १९८४/५'. ॲबरनँट ही दक्षिण वेल्समधली एक कोळशाची खाण, आणि लँगफर्ड त्याच वेल्सचा, न्यूपोर्ट गावचा. शेवटचं गाणं हँक विल्यम्सनं गाजवलेलं 'लॉस्ट हायवे'. ते मुळात लिहिलं होतं लिऑन पेन या अंध गायकानं. एका अंध माणसानं लिहिलेलं वाट चुकल्याचं गाणं लीड्सच्या पोरांनी धडधडत्या गिटारींवर म्हटलं. रॉक आणि कंट्री एकत्र करणारे पुढं पुष्कळ झाले, अमेरिकेत त्याची मोठी लाटच आली. जाणकार लोक त्या लाटेच्या आधीच्या रेकॉर्डमध्ये हिचं नाव घेतात.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली, ती बोलून टाकतो. या गाण्यांत दारू फार. आपल्या गावात बाटली आडवी करायला आपण काय काय सोसलं ते तुम्हाला माहीत आहे. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या बायकांना पाठीवर आणलं होतं. त्यामुळं व्हिस्कीच्या नावाची रेकॉर्ड आम्ही कौतुकानं सांगतोय म्हणून एकदोघी रागावतील. पण कंट्रीमध्येच याचं उत्तर आहे, आणि ते बायकांनी दिलंय. १९५२ मध्ये एका पुरुषाचं गाणं गाजत होतं, बाई घर सोडून दारूच्या गुत्त्यात रमली असा त्याचा सूर. किटी वेल्स या बाईनं उत्तराचं गाणं म्हटलं, की बाई बिघडली असं म्हणता, तर आधी तिला फसवणारे नवरे कोण ते बघा. ते गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. एकट्या बाईचं गाणं तिथं पोचण्याची ती पहिली वेळ.

आणि लोरेटा लिन. केंटकी राज्यातल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न, विशीत चार लेकरं पदरात. नवऱ्यानं १७ डॉलरची गिटार आणून दिली, घरकाम करता करता ती शिकली. १९७० मध्ये तिनं स्वतःवरच गाणं केलं, कोळसा कामगाराची मुलगी या नावाचं. १९७५ मध्ये संततिनियमनाच्या गोळीवर गाणं आणलं तर कित्येक रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. तिचं उदाहरण आम्ही मुद्दाम घेतलं. कोळसा आणि कंट्री यांचं नातं मेकॉन्सनी शोधून काढलं नव्हतं, ते खाणीतच होतं.

पुढची गोष्ट थोडक्यात. १९८९ मध्ये ए अँड एम या बड्या अमेरिकन कंपनीनं त्यांना घेतलं. आता पैसा येणार असं वाटलं. पण कंपनीशी बिनसलं, आणि १९९१ ची त्यांची रेकॉर्ड त्या कंपनीनं अमेरिकेत काढलीच नाही. त्यानंतर गट मोडायला हवा होता, नाही का? मोडला नाही. लँगफर्ड शिकागोला राहायला गेला. कुणी अमेरिकेत, कुणी इंग्लंडमध्ये. कुणाचा गाण्यावर पूर्ण संसार चालला असं नाही. लँगफर्ड चित्रं काढतो, जुन्या कंट्री गायकांची, हँक विल्यम्सची, आणि ती विकली जातात. फाशीच्या शिक्षेविरुद्ध काम करणाऱ्यांसाठी त्यानं दुसऱ्या सोबत्यांना घेऊन २००२ मध्ये गाणी जमवून दिली. लू एडमंड्स नावाचा एक सभासद तुर्की साझ वाजवतो, तेही गाण्यात आलं. २००४ मध्ये यांनी आपलीच सुरुवातीची गाणी पुन्हा म्हटली. २०१३ मध्ये त्यांच्यावर एक माहितीपट आला. २०१९ ची रेकॉर्ड त्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात एकत्र राहून केली. तेव्हा सगळे साठीच्या आसपास.

ते एकत्र राहिले याचं कारण आम्हाला असं वाटतं की त्यांनी यशावर गट बांधलाच नव्हता. एखादा गट फक्त कर्ज मिळेल म्हणून जमला असेल तर कर्ज मिळाल्यावर किंवा नाकारल्यावर तो सुटतो, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. यांनी एकमेकांना सोडायचं नाही एवढंच ठरवलं. मध्ये माणसं गेली, नवी आली. सुरुवातीच्यांपैकी लँगफर्ड आणि टॉम ग्रीनहाल्श अजून आहेत.

हे सगळं आम्ही आधी एका गटाच्या बैठकीत सांगून बघितलं. तिथं एक आक्का आहेत, सत्तरीच्या पुढच्या. त्या एरवी बोलत नाहीत, अंगठा उठवून बसतात. संपाचा विषय निघाला आणि त्या सरसावून बसल्या. आम्हाला माहीतच नव्हतं, त्या परळच्या चाळीत खानावळ चालवत होत्या. एका खोलीत बाराजण जेवायचे, सगळे गिरणीतले, सगळे आपल्याच मुलखातले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर. खानावळवाल्या बायका त्या काळात उधारीवर जेवू घालत होत्या. काहींना प्रेमा पुरवांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाचा आधार होता. १९७५ पासून ते मंडळ खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देत होतं. आक्कांना तोही नव्हता. पाटल्या गेल्या, मग डोरलं गेलं. जेवणारे एकेक करून गावी निघून गेले. त्यांची उधारी अजून आक्कांना पाठ आहे, नावानिशी. त्या संपाला शेवटच असा झाला नाही. कुणी तो मागं घेतला नाही, माणसंच संपून गेली.

आक्कांनी विचारलं, "त्या तिकडच्या बायकांना पीठ कोण देत होतं?"

आम्ही सांगितलं. दुसऱ्या कामगारांनी दिलं, परदेशातून आलं, आणि या गाणाऱ्यांसारख्यांनी कार्यक्रम करून पैसे उभे केले.

"म्हणजे गाणं वाजवून पीठ आणलं होय," आक्का म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "आणि तरी हरलीच ना ती माणसं?"

हरली. संप सुरू झाला तेव्हा ब्रिटनमध्ये सुमारे १७० खाणी होत्या. यॉर्कशायरमधली केलिंगली ही शेवटची खोल खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. गिरणगावात आज मॉल आहेत.

आम्ही त्या मुलाच्या लॅपटॉपवरून मोबाइलवर घेतलेलं ते गाणं आक्कांना ऐकवलं. व्हायोलिन आलं तिथं त्यांनी बोट वर करून आम्हाला गप्प बसवलं. गाणं संपल्यावर म्हणाल्या, भाषा कळली नाही, पण बाप्याला झोप येत नाहीये एवढं कळलं.

ते गाणं इथं तुम्हाला ऐकवता आलं असतं तर बरं झालं असतं. पण दुसऱ्याचं गाणं हवेवर वाजवायचं तर परवानगी लागते, पैसे लागतात, आणि आपलं केंद्र तुमच्याआमच्या वर्गणीवर चाललंय. ज्यांच्या घरी मोबाइल आहे त्यांनी पोरांकडून शोधून घ्या. सुरुवातीचा गोंगाट सोसा. वैतागून बंद करू नका.

आता पुढच्या गुरुवारचं सांगतो. पुढच्या गुरुवारी याच वेळेला आक्का या माइकसमोर बसणार आहेत. संपातली खानावळ कशी चालली ते सांगतील, आणि त्या दिवसांत परळला पहाटे पीठ मळताना त्या ज्या ओव्या म्हणायच्या त्याही म्हणतील. उधारीची नावं त्यांना सगळी घ्यायची आहेत. आम्ही म्हटलं, कुणाला वाईट वाटेल, पोरंबाळं आहेत त्यांची. आक्का म्हणाल्या, "पैसे मागत नाही मी. जेवले होते एवढं कळू दे." त्यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही. त्या वही लिहिणाऱ्या बाईनं आक्कांकडून नावं उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे, पहिल्या दिवशी सात झाली.